आईचा ३२ पानी रिपोर्ट आणि चुकलेले दोन सोमवार

*"माझी आई ५८ वर्षांची. मागच्या दिवाळीत तिची बोटं सुजली, सकाळी मूठ मिटेना. डॉक्टरांनी तपासण्या करून आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) सांगितला, अँटी-सीसीपी ही त्याची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. दर सोमवारी मेथोट्रेक्सेट चालू आहे आणि बराच फरक आहे. मावसभावाच्या सांगण्यावरून आम्ही ऑनलाइन 'गट टेस्ट' (आतड्यातल्या जिवाणूंची तपासणी) मागवली, १६,५०० रुपये गेले. रिपोर्ट ३२ पानांचा. ब्युटिरेट कमी, प्रिव्होटेला जास्त, टीएमएओ जास्त, झोन्युलिन जास्त आणि शेवटी लाल अक्षरात 'ऑटोइम्यून रिस्क : हाय'. त्यांच्या आहारतज्ज्ञ बाई फोनवर म्हणाल्या, मूळ पोटात आहे, ज्वारी-गहू बंद करा, सहा महिन्यांचं पॅकेज घ्या, गोळ्या आपोआप सुटतील. आई म्हणते, 'बघ, आम पोटातच होतो, तुझी आजी सांगायचीच.' गेल्या दोन सोमवारी तिनं गोळी घेतलेली नाही. मी ३४ वर्षांची आहे, मुलगी ९ वर्षांची. आम्हा दोघींची पण टेस्ट करून घ्यावी का? की हे सगळंच थोतांड आहे?"*
*— एक लेक, कराड*

दोन सोमवार चुकले, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. मी मात्र तिथंच थांबले. रिपोर्टचं नंतर बघू. आज आईच्या डॉक्टरांना फोन करा, दोन हप्ते चुकले हे स्पष्ट सांगा आणि पुढची गोळी कधी, किती, हे त्यांच्याच तोंडून ऐका. चुकलेलं भरून काढायचं म्हणून आईला एकदम तिप्पट गोळ्या घेऊ देऊ नका. मेथोट्रेक्सेट हे आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध आहे. ते चुकून रोज घेतलं आणि तोंडभर फोड, पांढऱ्या पेशी तळाला, अशा अवस्थेत आलेल्या माणसांच्या रक्तपेशी (सीबीसी) मी स्वतः मोजल्यात. उलट औषध सोडून दिलं तर आमवात गप्प बसत नाही. पहिल्या एक-दोन वर्षांतच तो सांध्याच्या कडेचं हाड कुरतडायला लागतो, आणि गेलेलं हाड परत येत नाही. आईची मूठ आज मिटते आहे ती दर सोमवारच्या गोळीमुळे.

आता रिपोर्ट. मी डॉक्टर खरी, पण माझं आयुष्य गेलं पॅथॉलॉजी लॅबमध्ये. त्यामुळे आकडा वाचायच्या आधी नमुना कसा आणि किती दिवसांनी पोचला ते बघायची खोड लागली आहे. तुम्ही पहिल्या चार पानांचे फोटो पाठवलेत त्यात ते आहे: नमुना घेतला ११ मे, लॅबला मिळाला १५ मे. चार दिवस, मे महिन्यात, कुरिअरच्या गाडीत.

एक जुनी गोष्ट सांगते. आमच्याकडे एकदा आतल्या गावाहून रक्ताचा नमुना आला. आणणाऱ्या पोरानं बिचाऱ्यानं काळजी म्हणून नळी थेट बर्फात खोचून आणली होती. पोटॅशियम आलं सातच्या वर. म्हणजे पेशंटचं हृदय कुठल्याही क्षणी थांबावं असा आकडा. मी घाबरून फोन लावला, तर आजोबा अंगणात शेंगा फोडत बसले होते. गारठ्यात तांबड्या पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं, एवढंच झालं होतं. मशीननं नळीतलं पोटॅशियम अगदी बरोबर मोजलं होतं, पण ते आजोबांच्या अंगातलं नव्हतं.

शौचाच्या नमुन्यात तर कोट्यवधी जिवाणू जिवंत असतात. डबी बंद केली म्हणून ते काम थांबवत नाहीत. काही रसायनं खातात, काही नवी बनवतात. किटमधलं द्रावण सहसा डीएनए टिकवण्यासाठी असतं. ब्युटिरेटसारखं उडून जाणारं आम्ल नीट मोजायचं तर संशोधनात नमुना लगेच गोठवतात. तुमच्या आईच्या डबीचं काय झालं असेल ते मी इथं बसून सांगू शकत नाही, पण त्या चार दिवसांबद्दल फोटोतल्या पानांत एकही ओळ नसावी, हे मला खटकलं.

तरी आकडे खरे धरून चालू.

ब्युटिरेट म्हणजे काय, ते भाकरीवरून सांगते. ज्वारीतला, उसळीतला, पालेभाजीतला जो भाग आपल्याला पचत नाही तो मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जिवाणू तो आंबवतात. त्यातून तीन मुख्य आम्लं निघतात: अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः ब्युटिरेटवर जगतात. २०१३ साली तीन वेगवेगळ्या संशोधक गटांनी उंदरांत दाखवून दिलं की या आम्लांमुळे 'टी-रेग' नावाच्या पेशी वाढतात. घरात भांडण पेटलं की "पुरे आता" म्हणणारं एक मोठं माणूस लागतं ना, प्रतिकारशक्तीत ते काम या पेशी करतात. ऑटोइम्यून आजारात शरीर स्वतःवरच उलटतं, म्हणून या आम्लांकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. यात थोतांड काही नाही. हे खरं आणि सुंदर विज्ञान आहे.

पण तयार झालेल्या या आम्लांपैकी नव्वद-पंचाण्णव टक्के आतडं तिथल्या तिथं शोषून घेतं. शौचात उतरतं ते उरलंसुरलं. पातेल्याच्या तळाशी राहिलेली भाजी बघून सकाळी किती रांधली होती ते सांगता येईल का? कमी उरली म्हणजे कमी केली असेल, किंवा सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ली असेल. त्यात पत्राच्या इथं न छापलेल्या भागात तुम्हीच लिहिलंय की एप्रिलच्या शेवटी आईची दाढ काढली आणि पाच दिवस अँटिबायोटिक चालू होतं. अँटिबायोटिकनंतर काही आठवडे ब्युटिरेट बनवणारे जिवाणू मागे पडतात, ते कुणाचेही पडतात. हा प्रश्न किटच्या फॉर्मवर विचारला होता का? मला उत्तराचा अंदाज आहे.

टीएमएओचं तर मला हसूच आलं. मासळीत हे रसायन मुळातच भरपूर असतं, मासे खाल्ले की शरीरात ते उसळी मारतं. आई १० तारखेला रत्नागिरीहून मावशीकडून परतली, पंधरा दिवस दोन्ही वेळा ताटात मासा होता, आणि ११ तारखेला सकाळी नमुना दिला, असं तुमचंच पत्र सांगतं. तो आकडा मावशीच्या बांगड्याचा आहे, आमवाताचा नाही.

झोन्युलिनवर फार वेळ घालवत नाही. आतड्याची भिंत 'गळकी' आहे का ते सांगणारं प्रथिन म्हणून ते विकलं जातं. २०१८ साली तपासून पाहिलं तेव्हा बाजारातली प्रचलित किट्स भलतीच प्रथिनं मोजत होती असं निघालं.

आणि प्रिव्होटेला. इथं जरा थांबावं लागेल, कारण रिपोर्टमधल्या लाल शेऱ्याचा सगळा भार बहुधा हिच्यावर आहे. २०१३ मध्येच न्यूयॉर्कच्या संशोधकांनी नुकताच आमवात झालेले, अजून औषध सुरू न केलेले रुग्ण तपासले. त्यांच्यातल्या ७५ टक्के लोकांत प्रिव्होटेला कोप्री हा जिवाणू सापडला. निरोगी लोकांत तो २१ टक्क्यांमध्ये होता. मोठी बातमी झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण ते निरोगी लोक अमेरिकेतले होते. धान्य, डाळी, भाज्या यांवर जगणाऱ्या माणसांच्या पोटात प्रिव्होटेला मुळातच भरपूर असते. २०१९ मध्ये भोपाळ आणि केरळमधल्या लोकांच्या आतड्यातल्या जिवाणूंची तुलना प्रसिद्ध झाली. मांस-मासे कमी खाणाऱ्या भोपाळच्या लोकांत प्रिव्होटेलाचंच राज्य होतं, आणि ती माणसं धडधाकट होती. भाकरी-उसळ खाऊन वाढलेल्या बाईचं पोट अमेरिकी पोटाच्या मापानं मोजलं तर प्रिव्होटेला 'हाय' येणारच. तुमच्या गल्लीतल्या दहा निरोगी बायकांचे नमुने त्याच पत्त्यावर पाठवा, त्यातल्या किती जणींना लाल शेरा मिळतो ते मला कळवा. (पाठवू नका. १६,५०० गुणिले दहा होतात.)

आता त्या आहारतज्ज्ञ बाईंचा सल्ला परत वाचा. एका पानावर म्हणतात ब्युटिरेट कमी आहे, वाढवा. फोनवर म्हणतात ज्वारी बंद करा. ब्युटिरेट ज्याच्यापासून बनतं तेच ताटातून काढायला सांगतात आणि मग तेच वाढवायला डबे विकतात.

तुम्ही विचारलंत, सगळंच थोतांड का. नाही. या विषयाला मी कमी लेखत नाही. जर्मनीत बोखुमच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या ऑटोइम्यून आजाराच्या रुग्णांच्या रक्तात आणि शौचात प्रोपिओनिक आम्ल कमी असतं. ते आम्ल त्यांना औषधांच्या जोडीला दिलं तर टी-रेग पेशी वाढल्या. जोडीला म्हणते आहे मी, बदली नाही. लहान मुलांच्या टाइप १ मधुमेहावर अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडन या चार देशांत 'टेडी' नावाचा अभ्यास चालला. २०१८ मध्ये त्यातल्या ७८३ मुलांच्या जवळपास ११ हजार शौच-नमुन्यांचा हिशेब आला. निरोगी राहिलेल्या मुलांच्या पोटात ही आम्लं बनवणारी जनुकं जास्त होती. पण अमुक एक जिवाणू असला की मधुमेह होतो, असं काही चारही देशांत सारखं दिसलं नाही. अकरा हजार नमुने हाताशी असलेल्या माणसांनी इतकं जपून लिहिलं. तुमच्या कंपनीनं एका डबीवर लाल शाई वापरली.

पोट आणि आमवात यांचा संबंध औषधांतही जुना आहे. सल्फासॅलझिन ही आमवाताची गोळी स्वीडनच्या डॉ. नाना स्वार्ट्झ यांनी सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी आणली. ती गिळली की मोठ्या आतड्यातले जिवाणू तिचे दोन तुकडे करतात आणि मगच ती कामाला लागते. जिवाणू नसतील तर ती गोळी अर्धवटच. तुमच्या आईच्या मेथोट्रेक्सेटचंही असंच काहीसं दिसतं आहे. २०२१ मध्ये आलेल्या अभ्यासांत, औषध सुरू करण्याआधीच्या जिवाणूंवरून कुणाला ते लागू पडेल याचा थोडाफार अंदाज बांधता आला. उद्या कदाचित संधिवाततज्ज्ञ पहिल्या भेटीतच शौचाची डबी देतील आणि त्यावरून गोळी निवडतील. मला तो दिवस बघायला आवडेल. पण तो आज उजाडलेला नाही.

एखादं रसायन 'मार्कर', म्हणजे आजाराची भरवशाची खूण, व्हायला किती वाट बघावी लागते, ते आईच्याच फाइलमध्ये आहे. अँटी-सीसीपीचा पहिला धागा १९६४ साली हाती आला. आमवाताच्या रुग्णांचं रक्त गालाच्या आतल्या पेशींवर टाकलं की काही ठिपके चमकतात, एवढंच तेव्हा दिसलं. त्या रक्तातली प्रतिपिंडं नेमकी कशाला चिकटतात, सिट्रुलिन नावाच्या बदललेल्या अमिनो आम्लाला, हे कळायला १९९८ उजाडलं. मग चाचणी बनली, ती देशोदेशी वापरून पाहिली गेली, आणि आमवात ओळखण्याच्या आंतरराष्ट्रीय निकषांत तिला जागा मिळाली २०१० मध्ये. म्हणजे ४६ वर्षं. मध्ये २००४ साली नेदरलँड्समधल्या रक्तपेढीचा एक अभ्यास आला. पुढे आमवात झालेल्या रक्तदात्यांचं जुनं साठवलेलं रक्त तपासलं, तर जवळपास निम्म्यांच्या रक्तात अँटी-सीसीपी किंवा आरए फॅक्टर (रक्तातली आमवाताची दुसरी खूण) आजाराच्या आधीच हजर होता, कित्येकांच्या बाबतीत चार-साडेचार वर्षं आधी. मार्कर म्हणायचं तर असं काहीतरी हवं. आतड्यातली रसायनं या रस्त्यावर आत्ता कुठे पहिल्या काही मैलांवर आहेत. २०२४ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटानं सहमतीनं हेच लिहिलं, की डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लोकांनी परस्पर अशा टेस्ट मागवू नयेत. शौचाची कुठलीच तपासणी खरी नसते असा मात्र याचा अर्थ नाही. आतड्याच्या सुजेसाठी कॅल्प्रोटेक्टिन आम्ही रोज करतो. ते त्या रस्त्यानं चालून आलेलं आहे.

आता तुमची आणि लेकीची टेस्ट. एक हिशेब कागदावर मांडा. समजा, नव्वद टक्के आजारी माणसं पकडणारी आणि नव्वद टक्के निरोगी माणसांना बरोबर सोडणारी गट टेस्ट आहे. (रोजच्या दवाखान्यात एवढी अचूकता सिद्ध झालेली गट टेस्ट आमवातासाठी आज नाही, पण धरू.) हजार बायकांत आमवात असलेल्या दहा धरा. आपल्याकडे भिगवणला १९९६ मध्ये जे सर्वेक्षण झालं त्यात प्रमाण याहूनही कमी निघालं होतं. दहापैकी नऊ पकडल्या. उरलेल्या ९९० निरोगी बायकांपैकी ९९ जणींनाही लाल शेरा. म्हणजे लाल शेरा एकूण १०८, त्यात खऱ्या नऊ. बारातली एक. तुम्ही रुग्णाची मुलगी, म्हणून धोका तिप्पट धरला तरी लाल शेरा मिळालेल्या दर चार जणींतल्या निदान तिघी निरोगीच निघतात. आणि नऊ वर्षांच्या पोरीच्या हातात 'रिस्क : हाय' असा कागद ठेवून तुम्ही काय करणार? रोज सकाळी तिची बोटं दाबून बघणार? नका करू. तिला खेळू दे.

तुमच्यासाठी अँटी-सीसीपीही आत्ता नको, काही त्रास नसताना. त्याऐवजी हातांकडे लक्ष असू द्या. सकाळी उठल्यावर बोटं अर्धा-पाऊण तासाहून जास्त वेळ आखडलेली राहिली, कणीक मळताना किंवा कपडे पिळताना दोन्ही हातांच्या बोटांची मुळं दुखली, अंगठी चढेनाशी झाली, आणि हे काही आठवडे टिकलं, तर संधिवाततज्ज्ञाकडे जा. तेव्हा अँटी-सीसीपी आणि सूज दाखवणाऱ्या ईएसआर, सीआरपी या रक्ततपासण्या करण्यात अर्थ आहे, आणि सगळं मिळून त्या १६,५०० पेक्षा पुष्कळ स्वस्त पडेल.

आईशी मात्र वाद घालू नका. तिचं म्हणणं हवेतलं नाही. 'आमवात' हा शब्दच आमापासून आला, नीट न पचलेलं अन्न हे त्याचं मूळ असं माधवनिदानात बाराशे वर्षांहून अधिक काळ लिहून ठेवलेलं आहे, आणि आज लोक मोठमोठी यंत्रं घेऊन पुन्हा पोटातच डोकावत आहेत. तिला सांगा, आजीचं बोट बरोबर दिशेला होतं. पण आजीनं भाकरी बंद करायला सांगितली होती का? विचारून बघा.

पॅकेज तुम्ही घेतलंतच, त्याच्या डब्यांचा फोटोही पाठवलात. त्यांपैकी तिसऱ्यावर 'गुळवेल सत्त्व' लिहिलेलं मला दिसलं. तो डबा आजच बाजूला काढा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले, त्यानंतर देशभरातून आणखी नोंदी आल्या. आयुष मंत्रालयानं त्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला, तो वाद आपण मिटवायला नको. पण ज्या बाईची प्रतिकारशक्ती आधीच उलटली आहे आणि जिचं यकृत मेथोट्रेक्सेटमुळे दर काही आठवड्यांनी तपासावं लागतं, तिच्यावर हा प्रयोग कशाला? बाकीच्या दोन डब्यांतले प्रोबायोटिक डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नका. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असताना जिवंत जिवाणूंची पुडीही विचारूनच घ्यायची असते. घरचं ताक चालेल, पण ते औषध म्हणून नव्हे, जेवणात म्हणून.

ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी, सगळं सुरू ठेवा. ब्युटिरेट वाढवायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. त्याने आमवात बरा होईल असं मी म्हणणार नाही. पोट साफ राहील, आणि आईला दोन घास तिच्या आवडीचे मिळतील.

एक गोष्ट रिपोर्टच्या ३२ पानांत नसावी, ती मी विचारते. आई मशेरी लावते का? दाढ काढावी लागली म्हणून शंका आली. हिरड्यांच्या जुनाट आजाराचा आणि आमवाताचा संबंधही बराच अभ्यासला गेला आहे. हिरड्यांतला एक जिवाणू तर प्रथिनांत तोच सिट्रुलिनचा बदल करतो, ज्याच्याविरुद्ध अँटी-सीसीपी बनते. मशेरी लावत असेल तर दंतवैद्यांची वेळ घ्या आणि ती सोडवायच्या मागे लागा. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर त्यालाही अंगणात घालवा.

पुढच्या भेटीला जाताना रिपोर्टची फाइल नेलीत तरी चालेल, पण तिच्यावर एक चिठ्ठी चिकटवा: सकाळी आखडणं किती मिनिटं राहतं, कुठली बोटं सुजतात, किती सोमवार चुकले. डॉक्टर ती चिठ्ठी आधी वाचतील. आणि पॅकेजचे पैसे अजून परत मिळण्याच्या मुदतीत असतील तर फोन आज दुपारीच करा, गुळवेलीच्या डब्याचं सील न फोडता.